वाचकांचे प्रश्न : मुलगा गाडीवर आहे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा असून गेली सात वर्षे ट्रकवर आहे. सध्या तो चौदा टायरच्या गाडीत कळंबोलीहून लोखंड भरून सोलापूरमार्गे हैदराबादला जातो. त्याला कसलेही व्यसन नाही. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी नोकरी करणाऱ्या आमच्या चुलतभावापेक्षा तो महिन्याकाठी जास्त पैसे घरी आणतो आणि हे काम त्याला मनापासून आवडते. तरीही दोन वर्षांत पाच स्थळांनी ‘मुलगा ड्रायव्हर आहे’ एवढ्याच कारणाने नकार कळवला. वडील म्हणतात, पगार कमी असला तरी चालेल, पण एका जागची नोकरी धर. आम्ही त्याला तसा आग्रह करावा का?
– एक भगिनी, फलटण तालुका

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या पाच स्थळांना नुसते नावे ठेवून भागणार नाही, कारण त्यांच्या नकारात थोडा खोटा मोठेपणा असला तरी थोडी रास्त काळजीही आहे.

आपल्याकडे एसटीच्या चालकाला मुलगी देताना लोक इतके बिचकत नाहीत. वास्तविक स्टेअरिंग दोघांच्याही हाती असते, खंबाटकीचा घाट दोघांनाही चढावा लागतो आणि रात्रीचे जागरण दोघांनाही चुकत नाही. पण १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली आणि आज एसटीच्या चालकामागे एक महामंडळ उभे आहे. त्याला खाकी गणवेश आहे, त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि तो कोणत्या मुक्कामावरून कधी परतणार, हे डेपोत लिहिलेले असते. ट्रकवरचा माणूस कधी परतणार, हे त्याच्या बायकोलाच काय, मालकालाही नक्की सांगता येत नाही. परतीचे भाडे मिळाले तर उद्या, नाही तर परवा. मुलीचा बाप घाबरतो तो या अनिश्चितीला, आणि ती भीती बोलून दाखवता येत नाही म्हणून सगळा दोष ‘ड्रायव्हर’ या शब्दावर ढकलून मोकळा होतो. बाकी एसटीतही सगळे आलबेल नाही, हे २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाने दाखवलेच. शासनात विलीनीकरण ही त्या संपातली कळीची मागणी होती. पगाराइतकीच ओढ सरकारी कर्मचारी म्हणवून घेण्याचीही होती, असे मला तेव्हा वाटले होते.

भावाला काम आवडते, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. काही वर्षांपूर्वी एका लेखाच्या निमित्ताने मी कळंबोली ते सोलापूर असा प्रवास ट्रकच्या केबिनमध्ये बसून केला होता. बोरघाटाच्या चढाला इंजिनाचा आवाज जड होण्याआधीच चालकाचा हात गिअरवर गेलेला असे. पुढे धाब्यावर उतरताच चहा सांगण्याआधी त्याने लोखंडी कांब घेऊन एकेक टायर ठोकून पाहिला आणि मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा उतरली आहे, हे केवळ आवाजावरून सांगितले. मला सगळे आवाज सारखेच वाटले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते कचेरीतल्या खुर्चीवर बसणाऱ्या फारच थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका कारखान्याच्या फाटकाशी लागली आणि संध्याकाळपर्यंत खाली झाली नाही. ‘ए ड्रायव्हर, गाडी मागे घे,’ असे म्हणणारा पहारेकरी वयाने त्याच्या मुलाएवढा होता. आतले स्वच्छतागृह चालकांना बंद होते आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, खिडकीच्या जाळीतून आत सरकवायची होती. रात्रभर गाडी चालवून न थकलेला तो माणूस त्या फाटकाशी थकला. ट्रकचालकांच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर त्यातल्या बहुतेक गाडी उभी असतानाच्या असतात, असा माझा अनुभव आहे. प्रतिष्ठेचा प्रश्नही तिथेच उभा राहतो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला अपघातानंतर पळून जाण्याबाबतच्या, भारतीय न्याय संहितेतल्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी चाके थांबवली, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सर्वांना ट्रकवाल्यांची आठवण झाली. ते कलम १ जुलै २०२४ पासून संहितेतल्या इतर तरतुदींबरोबर लागू झाले नाही. पण अपघातात चूक कोणाचीही असो, जमाव आधी मोठ्या गाडीवाल्याची गचांडी धरतो, ही त्यामागची भीती अजून गेलेली नाही.

म्हणून धंदा बदलण्याऐवजी मालक बदलण्याचा विचार करावा. दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्यावर फार तर दहा, ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कागदावर घातली होती; ती प्रत्यक्षात बऱ्यापैकी पाळणारे मालक थोडे असले तरी आहेत. भावाने पुढील गोष्टी तोंडी न विचारता कागदावर मागाव्यात : पगार महिन्याचा की ट्रिपवर, लांबच्या खेपेला दुसरा चालक मिळणार का, गाडी फाटकाशी खोळंबली तर त्या दिवसांचा भत्ता मिळणार का आणि गाडीच्या विम्यात पगारी चालकाचा समावेश आहे का. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाकडे, वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास, राज्य कामगार विमा लागू होतो. वीस कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीही. उचल मात्र जपून घ्यावी, कारण उचलीत अडकलेला चालक कोणत्याच अटी घालू शकत नाही. तुमच्या भागातून मुंबईला जाणारे दुधाचे टँकर किंवा ठरलेल्या मार्गावरची कंपनीची गाडी मिळाली, तर पैसे थोडे कमी मिळतील, पण घरी येण्याचा वार ठरेल.

मग बायोडाटात ‘खासगी नोकरी’ असे मोघम लिहू नका. जड वाहन चालक, अमुक मार्ग, महिन्यातून इतके दिवस घरी, असे स्वच्छ लिहा. ज्या मुलीला हे दिवस मान्य नसतील तिने नकार दिलेलाच बरा; महिन्यातले वीस दिवस सासरी एकटीने काढायचे तिला आहेत, मध्यस्थाला नव्हे.

प्रश्न : मुलगा अठरा वर्षांचा आहे. त्याला ट्रकचा परवाना लगेच मिळेल का? आठवी पास असावे लागते का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : लगेच मिळणार नाही. वाहतुकीचे वाहन चालवण्यासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर आधीचा असावा लागतो. तो आताच काढून घ्यावा. आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्ये रद्द झाली. मधल्या दोन वर्षांत त्याला एखाद्या जाणत्या चालकाबरोबर क्लीनर म्हणून पाठवावे. ऐन पावसात ताडपत्रीचा रस्सा आवळताना त्याला हे काम झेपते की नाही, ते त्याचे त्यालाच कळेल.