पट्टी काळीकुट्ट, पण मीटर हलत नाही: कार्बन ब्लॅक जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या कुटबणच्या जेटीवरून आणलेली नायलॉन-६ ची जुनी जाळी ३० टक्के, एचडीपीईचे (एका प्रकारच्या पॉलिथिलीनचे) दोर ७० टक्के, त्यात पट्टीतून वीज वाहावी म्हणून कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पूड) घालून सिंगल स्क्रूवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या एका स्क्रूच्या मशीनवर, पट्ट्या काढल्या. पट्टी काळीकुट्ट आली, पण वीज अजिबात वाहत नाही. कण सगळीकडे सारखे पसरावेत म्हणून माल आणखी दोन-तीनदा मशीनमधून काढू का?

काढू नका. तसं केल्याने उलट बिघडण्याचीच शक्यता जास्त. एकमेकांत न मिसळणारी दोन प्लास्टिकं वितळली की कण ‘सारखे’ पसरतच नाहीत. ते एक बाजू धरतात, नाहीतर दोघांच्या सीमेवर अडकतात. दोन पदार्थ जिथे भिडतात त्या सीमेवरच्या ताणाला आंतरपृष्ठ ताण म्हणतात. कण-नायलॉन आंतरपृष्ठ ताणातून कण-एचडीपीई ताण वजा करा आणि नायलॉन-एचडीपीई ताणाने भागा. हा झाला वेटिंग गुणांक. उत्तर १ च्या वर आलं तर कण एचडीपीईत, −१ च्या खाली आलं तर नायलॉनमध्ये, मधलं आलं तर सीमेवर. कार्बन ब्लॅकसाठी जपानच्या सुमिता यांच्या गटाने १९९१ मध्ये हाच हिशोब वापरला होता. फक्त ताणाचे आकडे वितळलेल्या तापमानाचे घ्या. खोलीच्या तापमानाचे घेतले तर कधीकधी कण भलत्याच बाजूला दिसतात.

पॉलिओलेफिन (पॉलिथिलीनसारखी प्लास्टिकं) आणि नायलॉन यांच्या जोडीत कार्बन ब्लॅकचा ओढा सहसा नायलॉनकडे किंवा सीमेकडे असतो. तुमच्याकडे नायलॉन वजनाने ३० टक्के, पण ते जड असल्यामुळे आकारमानाने जेमतेम २६. म्हणजे एचडीपीईत नायलॉनचे बहुधा सुटे थेंब झाले. कण त्या थेंबांत शिरले की प्रत्येक थेंब दिवाडीसारखं बेट, आणि वीज काही फेरीबोट पकडून पलीकडे जात नाही.

आता यातली गंमत बघा. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन-६ थेट २२० ला. हॉपरमध्ये (मशीनच्या माल टाकायच्या तोंडात) सगळं एकदम टाकलंत तरी कण आधी एचडीपीईतच गुरफटतात. काळा मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये आधीच दाट कालवलेला ब्लॅक) वापरला असेल तर त्याचा वाहकही बहुतेक वेळा पॉलिथिलीनच असतो. तिथून नायलॉनकडे जायला त्यांना वेळ लागतो, आणि वितळलेला माल जितका घट्ट तितका जास्त. म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा मशीनमधून काढता तेव्हा हे स्थलांतरच पूर्ण करून देता! सीमेवर एकदा बसलेला कण मात्र सहज सुटत नाही. १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण तिथून उपटायला उष्णतेमुळे कणाला मिळणाऱ्या धडपडीच्या ऊर्जेच्या काहीशे पट ऊर्जा लागते. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) लांबट असल्याने सीमा भराभर ओलांडतात, गोलसर ब्लॅक रेंगाळतो.

कण कुठे आहेत ते मायक्रोस्कोपशिवायही बऱ्यापैकी कळतं. पट्टीचे पातळ काप वजन करून तीव्र फॉर्मिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवा (हातमोजे, धूर-कपाट, हयगय नको). नायलॉन विरघळतो, एचडीपीई तसंच राहतं. द्रव काळा झाला तर कण नायलॉनमध्ये किंवा सीमेवर होते. स्वच्छ राहिला आणि वजनही फारसं घटलं नाही, तर ॲसिड आतल्या थेंबांपर्यंत पोचलंच नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. जाड तुकड्यावर हीच चाचणी केली आणि घट ३० टक्क्यांच्या जवळ आली, तर नायलॉन सलग आहे, म्हणजे सुटे थेंब नसून पट्टीभर जोडलेलं जाळं आहे.

माझ्या मते तुम्हाला नेमकं हेच हवंय: नायलॉन सलग आणि कण त्यात किंवा सीमेवर. नायलॉन ४५ टक्क्यांपर्यंत वाढवून बघा. कमी घट्ट असलेला घटक थोड्या प्रमाणातही सलग होतो. ब्लॅक मात्र वीजवाहक ग्रेडचाच घ्या, रंगाचा नको. दोन्ही प्लास्टिकं सलग असतील आणि कण एकातच किंवा सीमेवर असतील, तर वीज फार कमी ब्लॅकमध्ये वाहते. पॉलिथिलीन-पॉलिस्टायरीनमध्ये तर ०.५ टक्क्याच्या आतही जमलं आहे. दोन प्लास्टिकं एकमेकांना धरून राहावीत म्हणून घालतात ते मॅलेइक अनहायड्राइड लावलेलं पॉलिथिलीन आत्ताच घालू नका. त्याने पट्टी मजबूत होईल, पण सलग जाळ्याचे थेंब होण्याची भीती आहे.

आणि जाळी आधी गोड्या पाण्याने धुऊन, वाळू-मीठ काढून ८० अंशांवर नीट वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात नायलॉन हवेतलं पाणी शोषत राहतं. ओला माल बॅरलमध्ये गेला की साखळ्या तुटतात, माल पातळ होतो, मग थेंब की सलग हेच दर बॅचला बदलतं. ओव्हनमधून काढलेला माल रात्रभर उघड्या पोत्यात राहिला, तर सकाळी तो परत वाळवायचा.