उसवू द्या तिला

"मॅडम, मी जीव तोडून शिकवते, पण ती काही पुरंच करत नाही. माझं कुठे चुकतंय?"

घरातला छळ सोसून निवारागृहात आलेल्या स्त्रियांना हस्तकला शिकवायला अनेक जणी आपणहून जातात. त्यातली जी जी माझ्याकडे येते, ती हाच प्रश्न घेऊन येते. कुणाच्या तासाला एखादी नुसतीच बसून राहते, कुणाच्या तासाला केलेलं चुरगाळून टाकते. म्हणून एकच प्रसंग सविस्तर सांगते. तो अनेकींच्या अनुभवांतून जुळवला आहे आणि ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

काकू शिवणाच्या निवृत्त शिक्षिका. दर गुरुवारी तीन ते साडेचार त्या गोधडीचा वर्ग घेत. अख्खी गोधडी हातावेगळी व्हायला महिने लागतात, आणि निवारागृहातला मुक्काम किती दिवसांचा हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्यांनी 12 इंची चौकोन घेतले होते. खाली-वर जुन्या सुती साडीचे तुकडे, मध्ये धोतराचा थर, कडेने मोठे कच्चे टाके, आणि मग काठापासून आत आत धावदोरा. ही निवड उत्तमच होती. जुनं सुती कापड मऊ असतं, सुई सहज जाते. सिंथेटिक साडी घेतली की थर एकमेकांवरून सरकतात, चुण्या पडतात आणि "मला जमतच नाही" हे जुनं वाक्य पुन्हा वर येतं.

"एकीचा हात इतका सुबक आहे हो," काकू सांगत होत्या. "तासाभरात दोन ओळी घालते. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं उसवते. असे पाच गुरुवार झाले. शेवटी मी म्हटलं, अगं राहू दे, छान आलंय. तर तुकडा माझ्यापुढे ठेवून उठली. पुढच्या गुरुवारी आलीच नाही."

"राहू दे म्हणालात तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

काकू थांबल्या. "कापडावर. तिच्या हातावर नव्हता हं. कापडावर."

"आणि उसवताना ती कापड फाडते?"

"छे! एकेक टाका सुईच्या टोकाने उचलते. दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवते."

इथे आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. ज्या घरातून ती आली, तिथे भाजीत किती मीठ घालायचं इथपासून माहेरी कधी जायचं इथपर्यंत दर वेळी कुणाचा तरी हात मध्ये आला होता. तिथे झालेलं तिला मागे घेता येत नव्हतं. इथे घेता येत होतं, कापडाला इजा न होऊ देता, आणि दोरासुद्धा परत मिळत होता. ज्याला काकू अपुरं काम म्हणत होत्या, तेच तिचं काम होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मी शाळेतल्यासारखी वही तपासत होते."

माझं ठाम मत आहे की आधी सुरक्षितता, मग निवड, आणि तिची कहाणी त्यानंतर कधीतरी, तिला हवी तेव्हा, हवी त्या माणसाजवळ. साधन निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते की केलेलं मागे घेता येतं का. धावदोरा, क्रोशा, विणकाम उसवता येतं. फेव्हिकॉलने चिकटवलेला कागद सुटत नाही. ओला रंग पसरतो, आवरत नाही; घाबरलेल्या बाईला तेवढंही नको होतं, तिला आधी पेन्सिल आणि खडू द्यावेत. टर्पेंटाइनचा उग्र वास तर टाळाच. दारूच्या वासाची आठवण व्हायला तेवढं पुरतं.

बसण्याची व्यवस्थाही अशीच जपावी लागते. एका वेळी आठच्या वर जणी नकोत, स्वयंसेविका दोन हव्यात. प्रत्येकीला दार दिसेल अशी जागा, दाराला कडी लावलेली नको, आणि कुणाच्याही पाठीमागे उभं राहून वाकून बघणं नाही. सुया आणि कातरी मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, सगळ्यांच्याच, म्हणजे कुणा एकीवर संशय नाही. दोरा हातभर, साधारण 18 इंच. लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. "तुझं घर काढ", "तुझं कुटुंब काढ" असे विषय चांगल्या हेतूने दिले जातात आणि तिथेच तास कोसळतो. फोटो अजिबात नकोत, पाठमोरेही नकोत. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. राख्या-पणत्या करून विकायच्या असतील तर तो गट वेगळा ठेवा. गिऱ्हाईक आलं की वाकडा टाका चालत नाही.

एखादी रडू लागली तर तिचं काम काढून घेऊ नका. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, पाणी द्या, समोर काय काय दिसतंय ते विचारा आणि तिथल्या समुपदेशक ताईंना बोलवा. तिने काही सांगितलं तर ऐका, पण "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

पुढच्या गुरुवारी काकूंनी दोऱ्याच्या दोन रिळांशेजारी बारीक टोकाची कातर ठेवली. "उसवायला ही बरी पडेल," एवढंच सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःचा चौकोन घेऊन बसल्या. त्या दिवशी ती नुसती दारात उभी राहून गेली. नंतरच्या गुरुवारी आत आली, दोन ओळी घातल्या, एक उसवली.

आणखी तीन आठवड्यांनी तिने विचारलं, "काकू, ही ओळ वाकडी चाललीय का?"

काकूंच्या ओठांवर "छानच आहे" आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "तुला कशी वाटते?"

तिने तुकडा उजेडात धरला. अंगठा टाक्यांवरून हळूच फिरवला. "वाकडीच आहे. राहू दे."

हे "राहू दे" काकूंनी मला फोनवर तीनदा ऐकवलं. मीही तीनदा ऐकलं.

अपुरे तुकडे ठेवायला काकू प्रत्येकीला कापडी पिशवी देतात, वर नाव टाकायला खडू. तिने नाव लिहिलं नाही. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. काकू अजून त्याच खुणेने पिशवी ओळखून तिच्यापुढे ठेवतात.