कादंबरी संपत का नाही?

"सुचतच नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या लिहित्या माणसांची सुरुवात बहुधा या वाक्याने होते. आता ते ऐकून मी लगेच काही विचारत नाही, थोडी थांबते. त्यामागून येणारं वाक्य जास्त कामाचं असतं. कुणी म्हणतं, "लिहायला बसलं की पोटात गोळा येतो आणि नाही बसलं तर दिवसभर अपराधी वाटतं." कुणी म्हणतं, "घरच्यांना वाटतं मी रिकामी बसलेय. खरं सांगू? मलाही तसंच वाटतं." कुणाला बरोबरीच्या लेखकाचं पुस्तक आल्याचं कळलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

कादंबरी लिहिणाऱ्यांना हा त्रास जरा जास्तच होतो. काम वर्षानुवर्षं चालतं, एकट्याने चालतं आणि मधल्या काळात चारचौघांना दाखवावं असं हाताशी काहीच नसतं. कवितेला लगेच दाद मिळू शकते. अर्धी कादंबरी कुणाला दाखवणार?

अशाच एका बाईंबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशीच तक्रार घेऊन आलेल्या इतर काहींचं बोलणंही यात मिसळलं आहे.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. पहिल्या कादंबरीचं बऱ्यापैकी कौतुक झालेलं. दुसरीचं काम कित्येक वर्षं रेंगाळलेलं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, माझ्यातलं संपलंय सगळं. एका पुस्तकापुरतीच माझी कुवत होती."

"दुसरीचं किती लिहून झालंय?"

"असतील तीनशे-साडेतीनशे पानं."

सगळं संपलेल्या माणसाकडे साडेतीनशे पानं! मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी ते बाड घेऊन या, एवढंच सांगितलं.

इथे थोडं विषयांतर. लेखकाचं लिखाण अडतं त्याला 'रायटर्स ब्लॉक' हे नाव १९४० च्या दशकात एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने रूढ केलं. त्याने त्याची मुळं थेट तान्हेपणात, आईच्या दुधापर्यंत नेऊन शोधली. मी त्या वाटेला जात नाही. माणूस आज, या क्षणी, कोऱ्या पानासमोर बसून स्वतःशी काय बोलतो आहे हे आधी ऐकावं, असं मी मानते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी ती हीच. लेखकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. एलिसना स्वतःला आधी लेखक व्हायचं होतं. वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत कादंबऱ्या, नाटकं वगैरे धरून त्यांची जवळजवळ दोन डझन बाडं लिहून झाली होती आणि त्यांतलं एकही छापून आलं नव्हतं. 'नकार आला म्हणजे मी टाकाऊ ठरतो का?' हा प्रश्न त्यांनी नुसता पुस्तकात वाचलेला नव्हता.

दुसऱ्या भेटीत बाड उघडण्याआधी मी विचारलं, "लिहिताना शेवटची मजा कधी आली?"

बाई ओशाळल्या. चोरी पकडली गेल्यासारख्या. मग सांगायला लागल्या. त्यांच्या कादंबरीत दोन भाऊ आहेत. धाकट्याने थोरल्याला फसवलं आहे आणि दोघांत कित्येक वर्षांचा अबोला आहे. आठवड्यापूर्वी बाई कुठेशा रांगेत उभ्या होत्या. पुढे दोन अनोळखी माणसं छत्रीवरून वाद घालत होती. त्यातला एक जण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होता. "मला एकदम कळलं, धाकटा भाऊ दारात आल्यावर कुठे बघेल ते. बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. मॅडम, दिवसभर मी हवेत होते."

"म्हणजे त्या दिवशी काम झालं."

"छे! ते काय काम? टेबलाशी बसून पान झालं तर काम."

त्यांचा हिशेब हा असा चालायचा. काळजी दिवसाच्या खात्यात जमा व्हायची, आनंद मात्र उडवाउडवीत जायचा. मी बघितलेले बहुतेक कादंबरीकार असेच हिशेब ठेवतात. मनाजोगं नाव सापडतं, एखादं पात्र अचानक आपण न योजलेलं काही बोलून जातं, सकाळभर हुलकावणी देणारं वाक्य आंघोळ करताना आपसूक जुळतं, हे सगळं त्यांना फुकटचं वाटतं. मी त्यांना एक वही करायला लावते. रोज रात्री दोन ओळी: आज पुस्तकाचं काय नवं कळलं आणि कशाने बरं वाटलं. पानांचा आकडा त्या वहीत लिहायचा नाही.

आकड्यांच्या बाबतीत माझं मत जरा कडवट आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ ते १८६७ टपाल खात्यात नोकरी करायचे, पहाटे उठून लिहायचे आणि समोर घड्याळ ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द असा नेम धरायचे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, आत्मचरित्रातून हे बाहेर आलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. ज्यांना नोकरी करून लिहिण्याची लाज वाटते त्यांना मी ट्रोलप जरूर सांगते, कारण नुसत्या कादंबरीवर घर चालणं ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि पोटासाठी दुसरं काम करण्यात काही कमीपणा नाही. पण घड्याळाचं अनुकरण करू नका म्हणते. आधीच स्वतःला धारेवर धरणाऱ्या माणसाच्या हाती घड्याळ म्हणजे आणखी एक छडी.

आता ते बाड. बाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि त्या बोलत राहिल्या. माझं लक्ष कागदांच्या कडांकडे गेलं. वरची चारेक प्रकरणं हाताळून हाताळून मऊ पडली होती. कोपरे दुमडलेले, पेन्सिलीवर पेन्सिल, खोडून खोडून दोन-तीन ठिकाणी कागद विरलेला. त्याखालची सगळी पानं छपाईयंत्रातून आत्ता बाहेर पडावीत तशी नवी करकरीत. सगळ्यात शेवटच्या पानावर 'भेट' एवढंच शीर्षक, खाली काही नाही.

मी बाड आडवं धरून त्यांना कडा दाखवल्या. त्या बघत राहिल्या.

"असं समजा, हे तुमच्या कादंबरीतलं एक पात्र आहे," मी म्हटलं. "साडेतीनशे पानं लिहून बसलेली एक बाई. रोज सकाळी उठते आणि पहिल्या प्रकरणातले स्वल्पविराम तपासते. ती काय करतेय?"

तोपर्यंत त्या खुर्चीत पाय आखडून बसल्या होत्या. हा प्रश्न ऐकला आणि पुढे सरकल्या, पेन्सिल हातात घेतली. माझ्यासमोर आता तक्रार घेऊन आलेली बाई नव्हती, कादंबरीकार होती.

"ती टाळतेय."

"लिहायचं?"

"नाही. लिहायला नाही घाबरत ती. लिहिताना तर मजेत असते." बोलता बोलता थांबल्या. "ती संपवायला घाबरतेय. संपेपर्यंत कादंबरी उत्तमच आहे ना! अजून कुणी वाईट म्हटलेलं नाही."

"आणि वाईट म्हटलं तर?"

"तर कळेल सगळ्यांना, पहिली नशिबाने जमली होती."

"बरं, तसं कळलं. पुढे?"

"पुढे काय? मग मी कुणीच नाही."

सल्ला देण्याची उबळ इथे भल्याभल्यांना येते. 'असं कसं म्हणता, तुम्ही किती छान लिहिता!' जवळच्या माणसांनी त्यांना हे शंभर वेळा सांगितलं असणार. त्याने घटकाभर बरं वाटतं आणि भीती आहे तिथेच राहते. कारण त्या कौतुकातही एक अट दडलेली असते: छान लिहितेस म्हणून तू कुणीतरी आहेस. मला ती अटच काढून टाकायची होती.

मी म्हटलं, "कादंबरीला लोक गुण देणारच. दहापैकी चार देतील, आठ देतील. त्यांचा हक्कच आहे तो. पण ते गुण तुम्ही स्वतःच्या नावापुढे का लिहून घेता?"

यावर लेखक हटकून जो मुद्दा काढतात तोच त्यांनी काढला. "मॅडम, इतर कामांत हे ठीक आहे. पुस्तक म्हणजे मीच की. माझ्या आतलंच तर उतरतं त्यात."

मुद्दा वजनदार आहे, तो झटकून टाकता येत नाही. मी त्यांच्या धाकट्या भावाकडे वळले.

"त्याने थोरल्याला फसवलं. मग तो माणूस म्हणून नालायक आहे?"

"नाही हो! फसवलं ते चूकच. पण तो तेवढाच नाहीये. थोरला आजारी असताना रात्र रात्र जागलाय तो. एका गोष्टीवरून कसं ठरवणार?"

"म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंत?"

"माफबिफ नाही. मी त्याचा निवाडाच केलेला नाही. लेखकाने निवाडा केला की पात्र कागदावर मरतं. हे तर साधं..."

वाक्य तिथेच तुटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी मुद्दाम गप्प होते. पुढची दोन-तीन मिनिटं खोलीत कुणीच बोललं नाही. मग हळूच म्हणाल्या, "त्या फसव्याला मी जेवढं देते तेवढंसुद्धा मी मला देत नाही."

त्या तासाचं मला आजही समाधान वाटतं. माणसाच्या एखाद्या कृतीवरून सबंध माणसाची किंमत ठरवू नये, हे शिकायला इतरांना महिनोन् महिने लागतात. कादंबरीकार हे काम रोज करतो, तेही खुनी, लबाड, भेकड माणसांच्या बाबतीत. त्याला नवीन काही शिकवायचं नसतं, फक्त टेबलापलीकडची ही सवलत अलीकडे आणायची असते. तेव्हापासून लिहिणाऱ्या माणसाला मी आधी त्याच्या पात्रांबद्दल विचारते, त्याच्याबद्दल नंतर.

पहिल्या पुस्तकापेक्षा दुसरं अवघड का जातं, याचं उत्तरही मला इथेच दिसतं. पहिलं लिहिताना कुणी वाट बघत नसतं. दुसऱ्याच्या वेळी वाचक, प्रकाशक, आपलं स्वतःचं आधीचं यश, सगळे पाठीमागे उभे राहून पानात डोकावतात. यश मिळालं की धाकधूक जाईल या आशेवर बसलेल्यांना माझं सांगणं आहे, ती जात नाही. बऱ्याचदा वाढतेच.

मात्र कळलं म्हणजे वळलं असं होत नाही. त्यामुळे पुढच्या भेटी सगळ्या कृतीच्या होत्या. पहिली चार प्रकरणं त्यांनी बहिणीकडे ठेवायला दिली, शेवट होईपर्यंत परत मागायची नाहीत या बोलीवर. 'भेट' हे प्रकरण मुद्दाम वाईट लिहायचं ठरलं. हो, वाईट. "चांगलंच लिहीन" ही अट काढली की हात हलतो. रोज टेबलावरून उठताना पुढचं वाक्य माहीत असेल अशा जागी थांबायचं, म्हणजे सकाळी कोऱ्या पानाशी झटापट नको. आणि सगळ्यात अवघड: 'भेट'मधलं आपल्याला सर्वांत फसलेलं वाटणारं पान एका स्पष्टवक्त्या मैत्रिणीला वाचून दाखवायचं, "हे अजून कच्चं आहे हं" अशी एकही सबब न सांगता. याला त्या दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा वाचलं. मैत्रीण म्हणाली, "कंटाळवाणं आहे." बाईंनी मला नंतर सांगितलं, "कान तापले. मग पाच मिनिटांनी लक्षात आलं की मी अजून आहे तिथेच बसलेय आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोलतोय."

परीक्षणांबद्दल सगळेच विचारतात, म्हणून तेही सांगते. वाचूच नका असं मी म्हणत नाही, ते कुणाला जमत नाही. दिवसाची एक वेळ ठरवा, झोपण्याआधीची नको. एकदाच वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे पुस्तकाबद्दल आहे की माझ्याबद्दल? 'पात्रं ठसत नाहीत' हे पुस्तकाबद्दल आहे, त्यातून काही घेता येईल. 'यांना लिहिता येत नाही' हे माणसाबद्दलचं शेरेबाज विधान आहे, त्यावर काट मारा. स्तुतीलाही हाच नियम. 'थोर लेखिका' यावरही काट. स्तुती जपून ठेवायची आणि निंदा तेवढी पुसायची असं केलंत, तर जुनी अट मागच्या दाराने आत येते. बाईंना हे फारसं आवडलं नव्हतं!

एक मात्र वेगळं काढून सांगते. मी बोलतेय ते लिखाणाभोवतीच्या काळजीबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं होत असेल, तर ते 'लेखकाचं असंच असतं' म्हणून अंगावर काढू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. प्रतिभेला दुःख लागतंच, या समजुतीपायी माणसं उपचारांपासून लांब राहिलेली मी बघितली आहेत. मला त्या समजुतीचा राग आहे.

'भेट' लिहून झालं. धाकटा दारात आला आणि खरंच थोरल्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिला. पण आधी ठरवलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघेना, म्हणून बाईंनी ते गाळलं. कादंबरी प्रकाशकाकडे गेल्यावर त्या एकदा आल्या ते घर सुनं झाल्याची तक्रार घेऊन. इतकी वर्षं सोबत असलेली माणसं एकाएकी निघून गेली होती. तो शोकच आहे, त्याला तेवढा वेळ द्या, लगेच तिसरीला हात घालू नका, असं मी सांगितलं.

पुस्तक आल्यावर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. एका समीक्षकाने शेवट घाईत उरकला आहे असं लिहिलं होतं.

"मग?"

"मला वाटतं थोडं बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "थोरल्याला आणखी दोन पानं द्यायला हवी होती." आणि ती दोन पानं कुठे बसली असती, हे त्या मला बराच वेळ समजावून सांगत राहिल्या.