'कार्यकारी गव्हर्नर' कशाला? आणि 'कर्णधार' म्हणजे नुसता नावाडी नव्हे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पहिल्या काही गव्हर्नरांची मराठी यादी करताना 'अ‍ॅक्टिंग गव्हर्नर' यासाठी 'कार्यकारी राज्यपाल' लिहावे की 'हंगामी राज्यपाल', असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही लिहू नयेत. 'अ‍ॅक्ट' म्हणजे कार्य, म्हणून 'अ‍ॅक्टिंग' म्हणजे कार्यकारी, असा हिशेब करून बातम्यांमध्ये हा शब्द इतक्या वेळा वापरला जातो की तो ऐकण्याचा आता उबग आला आहे. कार्यकारी अभियंता हा बदली अभियंता नसतो, तो त्या पदाचा पूर्ण अधिकारी असतो. 'राज्यपाल' तर इथे मुळातच बसत नाही, कारण आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तर मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या राज्यघटनेनुसार गव्हर्नर दरवर्षी मतदारांकडून निवडला जात असे आणि प्रत्यक्ष कारभार तोच पाहत असे.

'हंगामी'चा दोष अधिक सूक्ष्म आहे: त्यातून तात्पुरता नेमलेला माणूस सूचित होतो, आणि इथे तसा कोणी नेमलाच नव्हता. जॉन हॅन्कॉक हे या घटनेखालचे पहिले गव्हर्नर 1785 च्या आरंभी पायउतार झाले, तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे दुय्यम गव्हर्नर, टॉमस कुशिंग यांनी जेम्स बाउडन येईपर्यंत काम पाहिले. 1787 मध्ये हॅन्कॉक पुन्हा निवडून आले आणि 8 ऑक्टोबर 1793 रोजी पदावर असतानाच वारले, तेव्हा सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी तो भार उचलला आणि पुढल्या वर्षी ते स्वतः निवडून आले. कुशिंग काय किंवा अ‍ॅडम्स काय, दोघांचेही लेफ्टनंट गव्हर्नरपद सुटले नव्हते. घटनेने त्यांच्यावर रिकाम्या पदाची कर्तव्ये तेवढी सोपवली होती. स्वतःचे पद राखून दुसऱ्याचा भार वाहणाऱ्याला मराठीत 'प्रभारी' म्हणतात, आणि तोच शब्द इथे नेमका आहे.

परंतु खरी गंमत 'गव्हर्नर' या शब्दातच आहे. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'गुबेर्नातोर'पासून आला, आणि लॅटिनने तो ग्रीक 'कुबेर्नेतेस'वरून घेतला. दोहोंचा मूळ अर्थ जहाजाचे सुकाणू धरणारा असा आहे. अमेरिकन इंग्रजीत गव्हर्नरच्या निवडणुकीला आजही 'गुबर्नटोरियल' हे विशेषण लावतात, त्यात लॅटिनचा 'ब' अजून शाबूत आहे. आपल्याकडे याच अर्थाचा शब्द आहे 'कर्णधार', ज्याला आपण क्रिकेटच्या मैदानापुरता करून टाकला आहे. यातला 'कर्ण' म्हणजे सुकाणू. कानाला सुकाणूचा अर्थ कसा चिकटला असावा, याबद्दल माझे मत पक्के आहे. जुन्या जहाजांचे सुकाणू आजच्यासारखे मागे मध्यभागी नसून बाजूला बांधलेले लांब वल्हे असे, आणि डोक्याच्या बाजूला कान दिसावा तसे ते नावेच्या अंगाबाहेर दिसे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजाचे चित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

यावर काही पंडित अमरकोशातील 'कर्णधारस्तु नाविकः' हे वचन पुढे करून कर्णधार म्हणजे कोणताही नावाडी असे सांगतात. त्यांनी तेवढाच चरण पाठ केलेला दिसतो, कारण त्याच्याच शेजारी अमरसिंहाने 'नियामकाः पोतवाहाः' असे जहाज चालवणारे लोक वेगळे नोंदवले आहेत, आणि सगळेच नावाडी एक असते तर कोशकाराने ही विभागणी केलीच नसती. त्यातही 'नियामक' हा शब्द पाहावा: वाफेच्या यंत्राचा वेग आवरणाऱ्या साधनाला इंग्रजीत 'गव्हर्नर' म्हणतात आणि मराठीत 'गतिनियामक'. जहाजावरून निघालेले दोन शब्द दोन भाषांतून येऊन एकाच यंत्रावर भेटले, याचा आनंद मला अनेक वर्षे पुरला आहे.

म्हणूनच मॅसॅच्युसेट्सच्या यादीतील पुढची नोंद मला विशेष वाटते. गव्हर्नर इन्क्रीज समनर 7 जून 1799 रोजी वारले. लेफ्टनंट गव्हर्नर मोझेस गिल यांनी प्रभारी म्हणून काम सुरू केले, आणि तेही 20 मे 1800 रोजी वारले. दोन्ही पदे रिकामी झाली, तर गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाने कारभार पाहावा अशी तरतूद घटनेत होती, त्यामुळे 30 मे रोजी केलेब स्ट्राँग यांनी सूत्रे घेईपर्यंतचे दहा दिवस सुकाणू एका माणसाच्या नव्हे तर मंडळाच्या हाती राहिले. वाचकाने आपल्या यादीत या दहा दिवसांसमोर कोणाही व्यक्तीचे नाव घालू नये, 'सल्लागार मंडळ' असेच लिहावे, आणि गिल यांच्या नावापुढे 'प्रभारी गव्हर्नर'.