किल्ल्यांसाठी मनगटात अडकवायचा कापडी पट्टा शिवला, पण तो पिळतो आणि कडीपाशी मशीन टाके सोडतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की १० सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब सुती पट्टी कापली, चौपदरी दुमडली, दोन्ही कडांना टीप मारली. पट्टी सुरीसारखी सरळ न राहता पिळली आणि कडी अडकवून टोकं जोडताना मशीनने टाके सोडले, एक सुईही मोडली. माप बरोबर आहे, पद्धतही बरोबर आहे. चुका दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पीळ येतो तो कापण्यात, इस्त्रीत आणि टीप मारण्याच्या दिशेत. सुई मोडते ती जाडीमुळे. मशीनला दोष द्यायच्या आधी कडीपाशी सुईखाली किती पदर येतात ते मोजा, कारण या छोट्या वस्तूत खरी कसोटी तेवढ्या दोन सेंमी जागेचीच असते.

आधी माप, कारण ३० सेंमी सगळ्यांना चालेलच असं नाही. अंगठा तळहातात दुमडून घ्या आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून टेप फिरवा. मनगटाचा घेर इथे कामाचा नाही, हात ज्यातून आत जायचा तो घेर महत्त्वाचा. समजा तो २१ सेंमी आला. त्यात हात सहज सरकायला ३ सेंमी, कडीच्या घडीत जाणारे ४ सेंमी आणि दोन्ही टोकांच्या शिवणीत जाणारी माया २ सेंमी मिळवा. झाले ३०. हात मोठा असेल तर तेवढीच वाढ करा. याहून सैल केलात तर हात खाली सोडल्यावर पट्टा बोटांवरून घसरतो.

रुंदीचा हिशेब चौपट. तयार पट्टी अडीच सेंमी हवी म्हणून १० सेंमी कापायचं. घड्यांमध्ये थोडं कापड खाल्लं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात पट्टी अडीचला एखाद मिलिमीटर कमी भरते, आणि २५ मिमीच्या डी आकाराच्या कडीत ती नेमकी बसते. कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आत ताठपणासाठी लावलेलं चिकट कॅनव्हास आणि दोरा तेवढे आटत नाहीत, मग टिपेच्या बाजूने सुरकुत्या पडतात. गडद रंगाचं कापड असेल तर त्याच वेळी रंग जातो का तेही कळतं. हा पट्टा घामाने ओल्या होणाऱ्या मनगटावर बसणार आहे, तेव्हा ही तपासणी टाळू नका.

आता पिळाबद्दल. पट्टीची लांबी उभ्या धाग्याला, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर हवी. उरलेल्या तुकड्यातून डोळ्यांनी अंदाज घेऊन कापली की ती थोडी तिरकी जाते. तिरकं कापड ताणलं की लांबतं, आणि चारही पदर सारखे लांबत नाहीत. तयार पट्टी मग सुटी सोडली की स्वतःभोवती वळते. तुकड्याला किनार नसेल तर कडेचा एक धागा उसवून ओढून काढा. तो निघून गेल्यावर कापडावर जी बारीक रेघ दिसते, तिच्यावरून कापा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तिरकी कापलेली पट्टी नंतर कितीही इस्त्री केली तरी सुधारत नाही.

इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. पट्टी लांबीत अर्धी दुमडून घडी बसवा, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणा, पुन्हा दाबा, मग मधली घडी मिटा. कडा मधल्या रेषेवर अगदी चिकटवू नका, दोन्हीकडून एक-एक मिलिमीटर अलीकडे ठेवा. तसं केलं नाही तर शेवटच्या घडीत आतलं कापड गोळा होतं आणि पट्टी एका बाजूला जाड होते. घडी घातलेली पट्टी टेबलावर ठेवून लांबून पाहा. कड कुठे आत-बाहेर गेली असेल तर ती इथेच सुधारायची. टीप मारताना सुधारू म्हटलं तर ते होत नाही.

इस्त्रीने चिकटणारं कॅनव्हास लावणार असाल तर पातळ आणि विणलेलं घ्या. पूर्ण १० सेंमी रुंदीला ते लावायची गरज नसते. मधल्या ५ सेंमीला लावलं की घडी घातल्यावर ते बरोबर बाहेरच्या दोन पदरांत येतं. लांबीत मात्र दोन्ही टोकांना दीड-दीड सेंमी मोकळं ठेवा. हे फार कमी जण करतात, आणि त्यामुळेच जोडाची शिवण नको तितकी टणक होते. कापड मुळातच घट्ट विणीचं असेल तर मी कॅनव्हास वगळतेच. चार पदरांना स्वतःचा पुरेसा ताठपणा असतो.

टीप मारताना दोन्ही कडांना एकाच दिशेने मारा. एका कडेने वरून खाली गेलात आणि पट्टी फिरवून दुसऱ्या कडेने खालून वर आलात, तर पीळ हमखास येतो. कारण मशीनचे खालचे दाते खालचा पदर पुढे ओढतात आणि वरचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वरचा पदर किंचित मागे धरतो. दोन्ही टिपा एकाच टोकापासून सुरू केल्या की हा फरक दोन्ही कडांना एकाच बाजूला पडतो आणि पट्टी सरळ राहते. आधी उघडी कड, मग घडीची कड. कडेपासून २ ते ३ मिमी आत, टाका ३ मिमीचा. अगदी टोकावरून सुरुवात करू नका, कापड सुईच्या छिद्रात ओढलं जातं. १ सेंमी आतून सुरू करा, टोकापर्यंत मागे या आणि मग पुढे जा. पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने धरून ठेवा. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं तर सगळे जण खालच्या दोऱ्याचं बॉबिन काढून बघतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. फूट वर उचला आणि वरचा दोरा नव्याने ओवा.

आता कडी. तयार पट्टीत डी कडी ओवा. ही गोष्ट जोड शिवण्याआधीच करायला लागते, नंतर बंद कडी आत जात नाही. मग पट्टी टेबलावर ठेवून तिचं कडं करा आणि पट्टीला कुठे वळसा पडला नाही ना ते बोटाने पूर्ण फिरून बघा. इथे पडलेला अर्धा वळसा नंतर उसवल्याशिवाय निघत नाही. दोन्ही टोकं सुलट बाजू आत येईल अशी एकमेकांवर ठेवा आणि १ सेंमी आत शिवण घाला. त्याच शिवणीवरून पुन्हा एकदा टीप मारा, कारण किल्ल्यांचा हिसका याच जागी बसतो. सुटे धागे निघत असतील तर टोकांना आधी झिगझॅग करून घ्या. शिवणीची माया दोन बाजूंना उघडून बोटाने किंवा हातोडीने हलकेच ठोकून सपाट करा, कडी सरकवत बरोबर शिवणीवर आणा आणि पट्टा दुमडा. कच्ची माया आता घडीच्या आत गेली. कडीच्या खाली, शिवणीपासून २ सेंमीवर, आडवी टीप मारायची.

तुमची सुई मोडली ती बहुतेक याच जागी. हिशेब असा: चार पदरी पट्टी, तिचे दोन थर, म्हणजे सुईखाली आठ पदर. पातळ सुती कापडाचे आठ पदर घरचं मशीन शिवतं. पण २ सेंमीऐवजी १ सेंमीवर टीप मारली तर खाली शिवणीची मायाही येते. मग त्याच जागी सोळा पदर होतात. दोन सेंमी अंतर ठेवायचं ते एवढ्याचसाठी. शिवाय साध्या फुटाची कडेची बाजू कडीवर चढत नाही, फूट तिरका होत नाही. कडीच्या आणखी जवळ जायचं असेल तर चेन लावायचा एकेरी फूट वापरा, तरी दीड सेंमीच्या आत नको.

टाके का सुटतात, हे समजलं की उपाय आपोआप सुचतो. फूट पट्टीच्या जाड कडेवर चढताना पुढून वर उचलला जातो. कापड घट्ट दाबलेलं राहत नाही, सुई वर येताना तेही तिच्याबरोबर वर उचललं जातं, दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि खालच्या हुकाला तो सापडत नाही. जाड पुठ्ठा किंवा त्याच कापडाची घडी, पट्टीइतक्याच जाडीची, फुटाच्या मागच्या बाजूला सरकवा. फूट आडवा सपाट झाला की टाके पडायला लागतात. सुरुवातीचे आणि शेवटचे चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घ्या. सुई आत जाताना कुठे अडते आहे ते हाताला लगेच कळतं. अडली तर जोर लावू नका, कापड अर्धा मिमी सरकवा. पाय दाबून मशीन पळवलंत तर अडलेली सुई वाकते, मशीनच्या धातूच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. म्हणून या आडव्या टिपेला डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

सुई नवी घ्या. सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६. दोरा पॉलिएस्टरचा, वरखाली तोच. आडव्या टिपा दोन, एकमेकींपासून ३ मिमीवर, दोन्ही टोकांना मागे-पुढे. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप अनेकांना आवडते. निवारीवर, म्हणजे बॅगेच्या पट्ट्यासारख्या जाड विणलेल्या पट्टीवर, ती शोभते, पण आठ पदरांच्या अडीच सेंमी जागेत तेवढी छिद्रं पाडून ताकद वाढते असं मला वाटत नाही.

कडी डी आकाराचीच घ्या. गोल कडी थेट पट्ट्यात अडकवली की पट्टी तिच्या वळणात गोळा होते आणि कडा दुमडून झिजतात. डी कडीची सरळ दांडी पट्टीला पूर्ण रुंदीत सपाट ठेवते. किल्ल्यांची गोल दुहेरी कडी, २५ ते ३० मिमीची, त्या डीमध्ये ओवायची. डीच्या दांडीचा जोड कुठे आहे तेही बघा. न जोडलेली फट असेल तर ती कापडाच्या घडीत लपेल अशी फिरवा, नाहीतर दुहेरी कडी तिथून निसटते.

जुन्या जीन्सचा पट्टा करायचा विचार असेल तर चौपदरी घडी विसरा, आठ पदर जीन्स घरच्या मशीनला जात नाही. त्यासाठी २.५ सेंमी रुंद सुती निवार पट्टी घ्या. जीन्सची किंवा हव्या त्या कापडाची ४ सेंमी पट्टी कापा, दोन्ही कडा १-१ सेंमी आत दुमडून २ सेंमी करा आणि ती निवारीवर मधोमध ठेवून कडांना टीप मारा. निवार जाड दिसते, पण तिची वीण मोकळी असते, सुई सहज जाते. नायलॉनची निवार असेल तर तिची टोकं कापड शिवण्याआधी ज्योतीजवळ धरून वितळवा म्हणजे धागे निघत नाहीत. सुती निवारीला हे चालत नाही, ती जळते. तिला झिगझॅगच.

डी कडीऐवजी टोकांना दाबून बसवायची दातेरी धातूची पट्टी मिळते, तीही चांगली. त्यात कडीची घडी नसल्याने पट्टी हाताचा घेर अधिक ५ सेंमी एवढीच कापा. टोकं आधी एकत्र शिवून घ्या, शिवण टोकापासून ३ मिमीवर, म्हणजे दाबताना पदर सरकत नाहीत. पट्टीची रुंदी धातूच्या आतल्या रुंदीइतकी असू द्या. पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा, आधी दोन्ही बाजू थोड्या दाबा, मग मध्य, मग पुन्हा बाजू. एकदम एका बाजूने दाबली तर दुसरी बाजू उघडीच राहते. उघडून पुन्हा दाबायच्या भानगडीत पडू नका, धातू वाकवलेल्या जागी कमजोर होतो. कापड पातळ असून टोक हलत असेल तर दाबण्याआधी आत कापडाची एक पट्टी जास्त घाला.

मशीन नसेल किंवा ती आडवी टीप मशीनला जमतच नसेल, तर तेवढी जागा हाताने शिवा. दुहेरी दोरा मेणावरून ओढून घ्या, ३ मिमीची उलटी टीप, प्रत्येक टाका पूर्ण घट्ट ओढून. आठ पदरांतून सुई ढकलायला अंगुस्तान लागेलच, आणि पलीकडून ओढायला छोटी पक्कड. धावदोरा इथे टिकत नाही, एक टाका झिजला की सगळी ओळ सैल होते.