आलं का कुजतं, दूध का फाटतं?

प्रश्न : बाजारातून आणलेलं आलं जूनमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत लावलं. कोंब छान आले, पण ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर गड्डा कुजलेला. काय चुकलं?

उत्तर : ही कंदकूज. पिवळेपणा पानाच्या शेंड्याकडून कडेने खाली उतरतो, मग बुंधा मऊ पडतो आणि हलकंसं ओढलं तरी कोंब हातात येतो. त्याला सडका वासही येतो. पिथियमसारखी बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते. सातारा भागात आलं गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर लावतात, ते गड्ड्याशी पाणी थांबू नये म्हणूनच.

पुढच्या वर्षी लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, फार तर मे संपेपर्यंत करा. जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत रोप सावरलेलं असतं. कुंडी निदान बारा इंच रुंद हवी; आलं खोल जात नाही, आडवं पसरतं. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू घ्या. कच्चं शेणखत अजिबात नको. चमचाभर ट्रायकोडर्मा भुकटी (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग ते मातीत घाला.

बेण्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. तुकडा 30 ते 50 ग्रॅमचा, दोन-तीन फुगीर डोळ्यांचा आणि टणक असावा. सुरकुतलेला किंवा कुठेही मऊ लागणारा तुकडा बाजूला काढा. कापल्यावर दोन दिवस सावलीत ठेवून कापाची जागा सुकू द्या, मग डोळे वर करून दोन इंच खोल लावा. कोंब दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर माती नुसती ओलसर ठेवायची. घाईने रोज पाणी घातलं, तर बेणं उगवण्याआधीच सडतं. पुढे गड्डा उघडा दिसला की मातीची भर द्या. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

कुजलेल्या कुंडीतली माती पुन्हा आल्याला किंवा हळदीला वापरू नका. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडली तर मात्र घाबरू नका, आलं तयार झाल्याची ती खूण आहे.

प्रश्न : आल्याचा चहा कधीकधी फाटतो. दूध तर ताजं असतं.

उत्तर : ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. आलं कोमट दुधात पडलं की त्याचं काम सुरू होतं. उकळीने मात्र ते निकामी होतं. म्हणून ठेचलेलं आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळून उकळा, मग चहापूड आणि शेवटी दूध.

प्रश्न : घरी सुंठ करता येईल का? ओल्या आल्याऐवजी ती किती घालावी?

उत्तर : येईल, पण आलं पूर्ण तयार, तंतुमय झालेलं हवं. साल चमच्याने अगदी पातळ खरवडा, कारण सुवासिक तेल सालीच्या लगेच खाली असतं. अख्खे तुकडे वरून वाळतात, आतून बुरसतात. घरी पातळ चकत्याच करा आणि कटकन मोडेपर्यंत उन्हात वाळवा. किलोभर आल्याची साधारण 200 ग्रॅम सुंठ पडते.

वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं काही प्रमाणात शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. इंचभर आल्याच्या जागी पाव चमचा सुंठपूड पुरे. पुरणाला, सुंठवड्याला सुंठच हवी. हिरव्या वाटणात मात्र तिचा उपयोग नाही, तिथे ताज्या आल्याचा लिंबासारखा वास लागतो.

प्रश्न : मळमळीवर आलं चालतं का? घरी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे.

उत्तर : मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, गरोदरपणातल्याही. आमटी-चहातल्या आल्याची सहसा अडचण नसते. पण वॉरफॅरिनसारखी गोळी सुरू असताना रोज आल्याचा रस, काढा किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. छातीत जळजळ होणाऱ्यांनी उपाशीपोटी आल्याचा रस टाळावा.