तांब्या काजळी धरल्यासारखा का दिसतो?

प्रश्न: ताई, रिटायर झाल्यापासून घरातल्या वस्तू पेनाने काढतोय, कप, सांडशी, खलबत्ता असं. खलबत्ता जमतो, पण स्टीलचा तांब्या काढला की बूड चपटं येतं आणि शेडिंग केलं की काजळी धरल्यासारखा दिसतो. आधी पेन्सिलने काढू का? पेन कुठलं घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, खलबत्ता दगडी, त्यावर कुठलीही रेघ खपून जाते, स्टील मात्र अजिबात माफ करत नाही!

आधी बूड. टेबल सपाट म्हणजे बूडपण सपाट असं डोकं सांगतं आणि हात सरळ रेघ मारून मोकळा होतो, पण खरं तर जो गोल डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली तो जास्त उघडा दिसतो, म्हणून बुडाची रेघ तोंडापेक्षा जास्त गोलाकार यायला हवी. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी घालून बघा, तोंड, पाणी, बूड असे तीन गोल खाली खाली फुगत गेलेले दिसतील. गोल काढताना मनगट नाही, खांद्यापासून हात फिरवायचा, आधी हवेत दोनदा आणि मग कागदावर, आणि दोन्ही टोकं टोकदार होऊ द्यायची नाहीत.

आता काजळी. स्टीलची चकाकी शाईने येत नाही हो, तो कोरा कागदच असतो! स्टीलवर गडद काळ्याला चिकटून एकदम पांढरं येतं, मधलं करडं फार कमी, आणि तुम्ही बहुतेक सगळीकडे तेच करडं भरताय. खिडकीचं प्रतिबिंब जिथे पडतं ती जागा पेन्सिलने हलकी आखा आणि तिकडे पेन नेऊच नका. (पेन्सिल एवढ्यापुरतीच. सगळं चित्र आधी पेन्सिलने काढून वरून गिरवलं की रेघ मेलेली दिसते, असं माझं ठाम मत.) इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांदी (1890–1964) आयुष्यभर बाटल्या-भांडी काढत राहिले, त्यांची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून छापलेली चित्रं) नेटवर बघा, नुसत्या आडव्या-तिरप्या रेघांच्या जाळीतून भांडं उभं राहतं.

पेन 0.3 आणि 0.5 मिमी टोकाचं, वॉटरप्रूफ शाईचं घ्या, साधं बॉलपेनही चालतं. बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात मात्र भरू नका, पेन चोक होतं, तिला शाईत बुडवून वापरायचं होल्डर-निबच हवं. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद) घ्या.

आणि पुण्याला आलात तर बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात चक्कर मारा, तिथले अडकित्ते तर बघाच!